आतडी बाहेर, पण आवरण आहे का? : नवजात बाळाच्या पोटाच्या भिंतीतील जन्मजात व्यंगे

शल्यविशारद (धागाकर्ता)

पोटाच्या भिंतीत व्यंग असलेल्या बाळाचे आईवडील पहिल्या भेटीला येतात, तेव्हा त्यांच्या हातात सोनोग्राफीचा अहवाल असतो आणि त्यातले एकच वाक्य त्यांच्या मनात घर करून बसलेले असते : 'आतडी पोटाबाहेर दिसत आहेत.' मी मात्र आधी त्या वाक्याच्या आगेमागे आवरणाचा उल्लेख आहे का, हे शोधतो. बाहेर आलेल्या अवयवांवर पातळ पडद्याची पिशवी आहे की ते उघडेच गर्भजलात तरंगत आहेत, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या तपासण्या, प्रसूतीचे नियोजन, शस्त्रक्रियेची घाई आणि बाळाचे भवितव्य, असे जवळजवळ सगळेच अवलंबून असते.

आवरण नसेल तर ते बहुधा गॅस्ट्रोस्किसिस असते. यात बेंबीच्या शेजारी, बहुतेक वेळा तिच्या उजव्या बाजूला, पोटाच्या भिंतीला दोन ते चार सेंटिमीटरचे आरपार भोक असते. नाळ आपल्या जागी शाबूत असते आणि भोकातून आतडी बाहेर आलेली असतात. महिनोन्महिने गर्भजलात राहिल्यामुळे ती सुजतात, जाड होतात आणि कधी त्यांच्यावर चिकट पापुद्रा चढून त्यांचा एकच गोळा झालेला दिसतो. आवरण असेल तर ते ऑम्फॅलोसील. इथे भिंतीतील उणीव मध्यरेषेवर, प्रत्यक्ष बेंबीच्या जागीच असते, नाळ त्या पिशवीच्या माथ्यावर येऊन मिळते आणि आत आतड्यांसोबत अनेकदा यकृतही असते. ही दोन व्यंगे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी मानावीत, ही मांडणी १९५३ मध्ये मूर आणि स्टोक्स यांनी केली. त्याआधीच्या जुन्या नोंदी वाचताना कोणता रुग्ण कोणत्या व्यंगाचा, हे ठरवणे अवघड जाते.

दिसायला गॅस्ट्रोस्किसिस अधिक भयंकर. तरीही त्या बाळाचे हृदय, मेंदू आणि गुणसूत्रे सहसा निर्दोष असतात. व्यंग आतड्यांपुरते राहते आणि जोडीला काही सापडलेच, तर साधारण दहापैकी एका बाळात आतड्याचा एखादा भाग बंद झालेला आढळतो. ऑम्फॅलोसील झाकलेले, म्हणून सौम्य वाटते, पण या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांमध्ये आणखी एखादे व्यंग असते, विशेषतः हृदयाचे. गुणसूत्र १३ किंवा १८ ची तिसरी प्रत असणे, तसेच बेकविथ-वीडमन संलक्षण (मोठी जीभ, जन्मल्यावर साखर उतरणे अशा लक्षणांचा एक जन्मजात समूह), यांच्याशीही त्याचा संबंध आहे. पहिल्या दर्शनाने मनात जो क्रम लागतो, तो बऱ्याचदा उलटा करावा लागतो.

शंका जरूर विचाराव्यात. एखाद्या विशिष्ट बाळाचे निदान इथे होणार नाही, परंतु डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावायला या धाग्याचा उपयोग होऊ शकेल.

चांदणवेल

मला सध्या अकरा आठवडे पूर्ण झाले आहेत. कालच्या सोनोग्राफीत बाळाच्या बेंबीपाशी लहानसा फुगवटा दिसला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येण्यास सांगण्यात आले. निदान झालेले असताना दोन आठवडे वाट पाहण्याचे कारण काय असावे, हे मला समजलेले नाही.

शल्यविशारद

चांदणवेलताई, निदान अजून झालेले नाही, म्हणूनच वाट पाहायला सांगितले आहे. शेवटच्या पाळीपासून मोजले, तर साधारण आठव्या आठवड्यापासून प्रत्येक गर्भाची आतडी काही काळ नाळेच्या मुळाशी बाहेर येतात. ती झपाट्याने लांब होत असतात आणि तेवढी जागा त्या वेळी पोटात नसते. तिथेच वळण घेऊन ती बाराव्या आठवड्याच्या सुमारास आत परततात. म्हणजे तुमच्या अहवालात जे दिसले, ते आपल्या सर्वांच्या बाबतीत कधी ना कधी घडून गेलेले आहे. अकराव्या आठवड्यात केवळ आतड्यांचा लहान फुगवटा असेल, तर त्याला व्यंग म्हणता येत नाही. यकृताची गोष्ट निराळी आहे. ते या प्रवासात कधीच बाहेर जात नाही, त्यामुळे ते बाहेर दिसले तर आठवडा कोणताही असो, ते व्यंगच समजावे.

ध्वनिचित्र

मी सोनोग्राफी करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून थोडी भर घालतो. पडदा फार पातळ असतो आणि प्रत्येक वेळी तो थेट दिसेलच असे नाही. अशा वेळी आम्ही नाळ शोधतो. नाळ पोटाला तिच्या नेहमीच्या जागी मिळत असेल आणि फुगवटा तिच्या शेजारून निघत असेल, तर गॅस्ट्रोस्किसिस. नाळ फुगवट्यावरच चढलेली असेल, तर ऑम्फॅलोसील. मोकळ्या आतड्यांची कडा गर्भजलात फुलकोबीसारखी खडबडीत दिसते आणि पिशवीतल्या अवयवांची बाह्यरेषा गुळगुळीत, गोल असते. क्वचित ऑम्फॅलोसीलची पिशवी गर्भाशयातच फाटते आणि मग ते गॅस्ट्रोस्किसिससारखे भासते. अशा वेळी उणिवेची जागा आणि यकृत कुठे आहे, हे पाहून फरक करावा लागतो.

आईच्या रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भाकडून येणारे प्रथिनही वाढलेले आढळते आणि ती वाढ गॅस्ट्रोस्किसिसमध्ये जास्त असते, कारण उघड्या आतड्यांतून ते प्रथिन सरळ गर्भजलात उतरते. मात्र मज्जारज्जूच्या उघड्या व्यंगांतही ते वाढते, त्यामुळे त्या आकड्यावरून निदान करू नये. आकडा वाढलेला असेल तर सोनोग्राफी बारकाईने करावी, एवढाच त्याचा अर्थ.

ऑम्फॅलोसील पक्के झाले, तर गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी आणि गुणसूत्रांची चाचणी सुचवली जाते. एकट्या गॅस्ट्रोस्किसिसमध्ये गुणसूत्रांच्या चाचणीचा आग्रह सहसा धरला जात नाही, पण तिथे शेवटच्या तीन महिन्यांत वारंवार सोनोग्राफी करावी लागते. बाळाची वाढ खुंटते का, गर्भजल कमी होते का, पोटाच्या आतली आतडी फुगू लागली आहेत का, हे पाहायचे असते. ही बाळे अनेकदा वजनाने कमी भरतात.

साशंक

आतडी गर्भजलात राहून खराब होत असतील, तर बाळाला लवकर बाहेर काढणे आणि त्यासाठी सिझेरियन करणे हाच तर्कशुद्ध मार्ग नव्हे काय?

शल्यविशारद

तर्क बरोबर आहे, आणि म्हणूनच तो अनेकांनी करून पाहिला आहे. अडचण अशी, की लवकर जन्मल्याने आतड्यांचे जे थोडेफार रक्षण होते, त्याची किंमत बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यामुळे फुफ्फुसे आणि दूध पचवण्याची क्षमता यांच्या रूपाने चुकवावी लागते. अकाली जन्मलेल्या बाळाची आतडी आधीच संथ असतात, त्यात गॅस्ट्रोस्किसिसची भर पडली, तर दूध सुरू होण्यास अधिकच विलंब होतो. दुसऱ्या बाजूला, दिवस भरेपर्यंत थांबल्यास गर्भातच अचानक मृत्यू होण्याची शक्यता असते. यातून मध्यम मार्ग म्हणून बरीच रुग्णालये सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास प्रसूती ठरवतात. गॅस्ट्रोस्किसिस आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन केल्याने बाळाचा फायदा होतो, असे आढळलेले नाही. पिशवीत यकृत असलेल्या मोठ्या ऑम्फॅलोसीलमध्ये मात्र सिझेरियन योग्य ठरते, कारण नैसर्गिक प्रसूतीत पिशवी फाटण्याचा आणि यकृताला इजा होण्याचा धोका असतो.

प्रसूती कशी व्हावी यापेक्षा ती कुठे व्हावी, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बालशल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असतील, तर उघडी आतडी घेऊन रुग्णवाहिकेतून करावा लागणारा प्रवास टळतो.

रातराणी_परिचारिका

या प्रवासाविषयी मला लिहावेसे वाटते, कारण बाहेरून आलेली अशी बाळे सर्वप्रथम आमच्याच हातात येतात. बहुतेक वेळा एकच चूक दिसते. आतड्यांवर ओले कापड किंवा ओली गॉझ गुंडाळलेली असते. हेतू चांगला असतो, आतडी कोरडी पडू नयेत हा. पण ओले कापड काही मिनिटांत गार होते आणि बाळाचे शरीर थंड पडू लागते. शिवाय वाळताना ते आतड्यांना चिकटते. त्याऐवजी बाळाचे पाय आणि धड काखेपर्यंत निर्जंतुक पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत सरकवावे. ओलावा आत राहतो, उष्णता टिकते आणि आतड्यांचा रंग सतत दिसत राहतो.

रंगाकडे लक्ष ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. आतड्यांच्या रक्तवाहिन्या त्या अरुंद भोकातून येतात. आतड्यांचा भार एका बाजूला लोंबला, की त्या पिळतात आणि गुलाबी आतडे बघता बघता जांभळे होते. म्हणून बाळाला उजव्या कुशीवर ठेवावे आणि आतड्यांना मध्यभागी आधार द्यावा. रंग बदललाच, तर डॉक्टरांना हाक मारतानाच आतड्यांची स्थिती सरळ करावी.

याखेरीज, तोंडातून किंवा नाकातून जठरात नळी घालून जठर सतत रिकामे ठेवावे. बाळाला श्वासासाठी मदत लागली, तर मास्कने दीर्घकाळ हवा देण्यापेक्षा श्वासनलिकेत नळी घालणे बरे, कारण मास्कची हवा जठरात शिरून आतडी फुगवते आणि फुगलेली आतडी आत बसवणे कठीण होते. उघड्या पृष्ठभागातून पाणी झपाट्याने कमी होत असल्याने शिरेतून द्रव आणि सोबत प्रतिजैविके सुरू करावीत. नाळ कापताना ती लांब ठेवावी, पुढे शस्त्रक्रियेत तिचा उपयोग होतो.

शल्यविशारद

यापेक्षा नेमके मला लिहिता आले नसते. एकच पुरवणी जोडतो. द्रव भरपूर द्यावे हे खरे, पण मोजूनमापून द्यावे. गरजेपेक्षा अधिक दिल्यास आतड्यांच्या भिंतीतच सूज चढते.

नाळेवरून आणखी एक गोष्ट आठवली. अगदी लहान ऑम्फॅलोसीलमध्ये आतड्याचा एखादाच वेटोळा नाळेच्या मुळात शिरलेला असतो आणि वरून नाळ केवळ किंचित जाड दिसते. घाईत तिथेच चिमटा लावला, तर आतडेच चिमटले जाते. नाळेचे मूळ जाड वाटले, तर चिमटा लांबवर लावावा.

साशंक

माझ्या जवळच्या नात्यातील एका बाळाला गॅस्ट्रोस्किसिस होते. जन्मानंतर लगेच शस्त्रक्रिया करण्याऐवजी आतडी एका पारदर्शक पिशवीत घालून ती पाळण्यावर टांगून ठेवली होती आणि पोट नऊ दिवसांनी बंद केले. कुटुंबातील सर्वांची आजही अशी भावना आहे, की उगाच वेळ दवडला गेला. आतडी आत ढकलून लगेच टाके का घातले गेले नाहीत?

शल्यविशारद

ही भावना मी अनेकदा ऐकली आहे आणि ती स्वाभाविक आहे. परंतु ते नऊ दिवस हाच उपचार होता.

ज्या पोटात आतडी कधी राहिलीच नाहीत, ते पोट लहान राहते. सुजलेली आतडी त्यात बळेच कोंबून टाके घातले, की आतला दाब वाढतो. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा वर ढकलला गेल्याने फुफ्फुसे नीट फुलत नाहीत, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटून लघवी थांबते, पाय निळसर पडून सुजतात आणि ज्या आतड्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांचाच रक्तपुरवठा बंद पडतो. हा दाब मूत्राशयातील नळीतून मोजता येतो आणि तो २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला, तर धोक्याची सूचना समजतात. आतडी सहज मावत असतील, तर पहिल्याच दिवशी पोट बंद करणे उत्तम. मावत नसतील, तर तुम्ही वर्णन केलेली पिशवी, जिला आम्ही सायलो म्हणतो, वापरली जाते. तिच्या तोंडाशी स्प्रिंगची कडी असते. ती भोकातून आत सरकवली, की पोटाच्या भिंतीखाली बसते आणि हे काम बहुतेकदा भूल न देता, पाळण्यापाशीच होते. मग दररोज थोडी थोडी आतडी गुरुत्वाकर्षणाच्या आणि हलक्या हाताच्या साह्याने आत उतरवतात. पोट ताणले जाते, सूज ओसरते आणि जागा होते.

टप्प्याटप्प्याने आत घालण्याची ही कल्पना शूस्टर यांनी १९६७ मध्ये मांडली. तेव्हा कृत्रिम कापड पोटाच्या कडांना शिवावे लागे. आता आणखी एक साधी पद्धत रूढ झाली आहे. आतडी आत गेल्यावर लांब ठेवलेली नाळच भोकावर झाकणासारखी पसरतात, वरून पट्टी लावतात आणि एकही टाका न घालता भोक आकसून बंद होते. त्यानंतर बेंबीचा हर्निया राहू शकतो, परंतु त्यातले बरेच हर्निया वयाबरोबर आपोआप मिटतात.

चांदणवेल

पोट बंद झाल्यानंतर बाळ दूध पिऊ लागते का?

रातराणी_परिचारिका

लगेच नाही. आईवडिलांच्या संयमाची खरी कसोटी इथेच लागते. पोट बाहेरून अगदी व्यवस्थित दिसत असते आणि तरीही जठरातल्या नळीतून हिरवे पाणी येतच राहते. ते कमी झाले, बाळाने शी केली, की अगदी थोडे दूध सुरू होते, शक्यतो आईचेच. दोन दिवस पचले, तिसऱ्या दिवशी उलटी झाली म्हणून पुन्हा थांबवले, असे मागेपुढे होत राहते. पूर्ण दुधावर येण्यास तीन-चार आठवडे लागणे नेहमीचे आहे. आईने पहिल्या दिवसापासून दूध काढून साठवत राहावे. बाळाला ते अजून चालत नसले, तरी पुढे लागणारच असते.

शल्यविशारद

तोवर बाळ जगते ते शिरेतून मिळणाऱ्या संपूर्ण पोषणावर. विलमोर आणि डड्रिक यांनी १९६८ मध्ये फिलाडेल्फियातील एका बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या बाळाचे आतडे जवळजवळ नव्हतेच, तरीही केवळ शिरेतून पोषण देऊन त्याची वाढ झाली होती. पोट बंद करण्याची कला त्याआधीही अवगत होती, पण आतडी काम करू लागेपर्यंत बाळाला जगवायचे कसे, हे त्यानंतर उमगले. या पोषणाचे दोन शत्रू आहेत. एक, मोठ्या शिरेतल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग आणि दुसरा, यकृतात पित्त साचणे. तीन-चार आठवडे उलटूनही आतडी हलत नसतील, तर आतडे कुठे बंद आहे का, हे रंगद्रव्य देऊन क्ष-किरणांखाली तपासतात.

उपचार काय करायचे, हे आता ठाऊक आहे. ते बाळापर्यंत पोहोचतात का, हा निराळा प्रश्न. जगभरातील ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा जो अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात गॅस्ट्रोस्किसिस असलेल्या बाळांच्या मृत्यूचे प्रमाण श्रीमंत देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९ टक्के आणि गरीब देशांत ९० टक्के होते. व्यंग तेच. माझ्या मते या तफावतीत शल्यकौशल्याचा वाटा लहान आहे. आधी न झालेले निदान, थंडगार होऊन पोहोचलेले बाळ आणि शिरेतून पोषण देण्याच्या सोयीचा अभाव यांचा वाटा मोठा आहे.

बापमाणूस

माझ्या मुलीला मोठे ऑम्फॅलोसील होते, संपूर्ण यकृत पिशवीत. ती आता चौदा वर्षांची आहे. तिच्यावर जन्मानंतर शस्त्रक्रिया झालीच नाही. आम्ही कित्येक आठवडे त्या पिशवीवर दिवसातून दोनदा औषधाचा लेप लावत होतो. घरी आल्यावर हे काम माझ्याकडे होते. आधी पिशवी करड्या चामड्यासारखी झाली, मग कडांकडून गुलाबी त्वचा सरकत सरकत मध्यापर्यंत आली. पोटाचे स्नायू जुळवण्याची शस्त्रक्रिया तिसऱ्या वर्षी झाली. या पद्धतीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद. आमच्या वेळी लेप आयोडीनचा होता.

शल्यविशारद

बापमाणूस, या पद्धतीला आमच्यात 'लेप लावा आणि वाट पाहा' असेच म्हणतात. पिशवी शाबूत आहे तोवर घाई नसते, हा ऑम्फॅलोसीलचा मोठा फायदा. मोठ्या ऑम्फॅलोसीलच्या बाळांची छाती अनेकदा अरुंद आणि फुफ्फुसे अपुरी असतात. अशा बाळाच्या पोटात यकृत ढकलणे म्हणजे त्याचा श्वास हिरावून घेणे होय. त्वचा आपसूक चढू द्यावी, बाळ मोठे होऊ द्यावे, स्नायू नंतर जुळवावेत.

आयोडीनबाबत मात्र वाचकांनी एक लक्षात ठेवावे. पातळ पडद्यातून ते रक्तात शोषले जाते आणि नवजात बाळाची थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते, म्हणून लेप चालू असेपर्यंत थायरॉइडची तपासणी करत राहावी लागते. आज बऱ्याच ठिकाणी सिल्व्हर सल्फाडायझिन वापरतात. त्याहून जुन्या काळी मर्क्युरोक्रोम लावत. त्यातील पाऱ्याची विषबाधा झाल्याने ते मागे पडले.

बापमाणूस

थायरॉइडची तपासणी होत असे, आता त्या रक्तचाचण्यांचे कारण कळले. मुलीची तब्येत उत्तम आहे. तिला बेंबी नाही आणि हल्ली तिला त्याचे वाईट वाटू लागले आहे. त्यावर काही करता येते का?

शल्यविशारद

करता येते. तिथल्याच त्वचेची घडी करून नवी बेंबी घडवता येते आणि ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान आहे. तिच्या इच्छेनुसार आणि तिला पटेल त्या वेळी करावी. एक सूचना मात्र आजच देऊन ठेवतो, जी या दोन्ही व्यंगांतून बऱ्या झालेल्या प्रत्येकाला लागू आहे. यांची आतडी पोटात नेहमीच्या वळणाने बसलेली नसतात. हिरवी उलटी आणि पोटदुखी एकत्र आली, तर वय कितीही असो, सकाळपर्यंत थांबू नये आणि डॉक्टरांना जन्माच्या वेळचे व्यंग आवर्जून सांगावे. कधी आतड्याला पीळ पडलेला असतो, कधी जुन्या शस्त्रक्रियेनंतरच्या चिकटण्याने मार्ग अडलेला असतो.

चांदणवेल

आज पुन्हा सोनोग्राफी झाली. तेरा आठवडे आणि दोन दिवस. फुगवटा अजून आहे. नाळ त्यावरच मिळते, आत केवळ आतडी आहेत, यकृत पोटात आहे. बाकी काही आढळले नाही. यकृत बाहेर नाही म्हणजे प्रकार सौम्य आहे, असे समजून मी थोडी निर्धास्त झाले होते, तरीही गुणसूत्रांची चाचणी सुचवली आहे.

शल्यविशारद

चांदणवेलताई, शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तुमचे समजणे बरोबर आहे. लहान उणीव आणि केवळ आतडी असतील, तर पोट बहुधा एकाच वेळी बंद करता येते. गुणसूत्रांच्या बाबतीत मात्र गणित उलट आहे. ज्या ऑम्फॅलोसीलमध्ये यकृत नसते, त्यांच्यातच गुणसूत्रांचे दोष अधिक आढळतात. म्हणून ही चाचणी टाळू नये, असे मला वाटते. वारेचा सूक्ष्म नमुना आत्ताही घेता येतो, गर्भजलाचा नमुना पंधराव्या आठवड्यानंतर. यांपैकी काय निवडायचे, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

त्यांना आणखी एक गोष्ट विचारा. बेकविथ-वीडमन संलक्षण गुणसूत्रांच्या नेहमीच्या चाचणीत बहुधा दिसत नाही. त्यासाठी अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाची वेगळी तपासणी सांगावी लागते. ते संलक्षण असलेल्या बाळाची जीभ मोठी असू शकते आणि जन्मल्यावर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी माहीत असेल, तर पहिल्या तासापासून साखर तपासली जाते आणि पुढे काही वर्षे मूत्रपिंड व यकृताच्या गाठींसाठी ठरावीक अंतराने सोनोग्राफी करता येते. हृदयाच्या तपासणीची वेळही याच भेटीत ठरवून घ्या, ती साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान होते.

चांदणवेल

वारेच्या नमुन्यासाठी परवाची वेळ मिळाली आहे. अकराव्या गुणसूत्राचे कागदावर लिहून घेतले आहे. निकाल आला की इथेच कळवीन.